घंटागाडी आठला, मी पावणेआठला. ओल्या कचऱ्याचं काय करू?

तिसरामजला | मंगळवार, रात्री 10:50

प्रश्न कचऱ्याचा आहे. थोडा माणसांचाही आहे, त्यामुळे लांबण लागेल. जेवत असाल तर नंतर वाचा.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो, रथचक्र चौकापासून आतल्या गल्लीत. तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही सगळ्यात वर. मी अंबडला एका कंपनीत स्टोअर्सला आहे. आमच्या गल्लीत घंटागाडी आठला येते. आठ म्हणजे सात अठ्ठावन्न ते आठ पाच. इतकी वेळ पाळणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही, मी धरून. त्यामुळे गाडीबद्दल काडीची तक्रार नाही. बिघडलं ते माझ्याच बाजूने.

फेब्रुवारीपर्यंत ऑफिस नऊचं होतं. गाडीला डबा द्यायचा, हात धुवायचे, डबा (जेवणाचा) उचलायचा आणि सव्वाआठला निघायचं, असं निवांत चाललं होतं. मार्चपासून वेळ सव्वाआठची झाली आणि दारात चेहरा ओळखणारं मशीन बसलं. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला. त्या मशीनला माझा चेहरा घामाघूम असला की ओळखू येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी पाच मिनिटं धरावी लागतात. थोडक्यात, पावणेआठला मी स्कूटरवर. गाडी गल्लीत येते तेव्हा मी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोवर लिहिलेलं वाचत उभी असते.

‘घरातले बाकीचे काय करतात?’ हे कोणीतरी विचारणारच. हे मुसळगाव एमआयडीसीत, त्यांची बस साडेसहाला. सासूबाईंचे गुडघे तीन मजले उतरू देतात, चढू देत नाहीत. मुलाने अकरावीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून तो झोपलेला आहे. एकदा उठवून खाली पाठवला, तर कानात इअरफोन घालून डबा हातात धरून उभा राहिला आणि गाडी त्याच्या पाठीमागून निघून गेली. भोंग्यावर गाणं वाजवत जाणारी गाडी! वर येऊन मलाच फोन करून म्हणतो, आई, आज गाडी आलीच नाही.

मग समोरच्या काकू धावून आल्या. एकट्या राहतात, मुलगी पुण्याला. म्हणाल्या, ठेव गं दाराबाहेर, माझा नेतेच आहे तर तुझा काय जड होतो! पहिला आठवडा स्वर्ग. दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी मी जिना चढून आले की दार किलकिलं व्हायचं आणि निकाल लागायचा.

“काल पोळ्या उरल्या का गं? पाच दिसल्या.”

“मेथीची कोवळी देठं टाकतेस की काय? बारीक चिरून पातळभाजीत घालावीत.”

“मिसळ आणली होती वाटतं रविवारी. रश्श्याची पिशवी होती. सासूबाईंना चालतं एवढं तिखट?”

यात खवचटपणा अजिबात नाही, शपथेवर सांगते. आवाजात काळजीच असते. पण आपला कचरा कोणीतरी वर्तमानपत्रासारखा वाचतंय म्हटल्यावर माणूस कचरासुद्धा सजवून टाकायला लागतो. मी पोळ्या चुरून, त्यावर कांद्याची सालं पसरून डबा बाहेर ठेवायला लागले. खरंच.

आणि मग लोणच्याचं झालं. काकूंनी गेल्या वर्षीचं कैरीचं लोणचं दिलं होतं, छोटी बरणी. वरून पांढरी बुरशी दिसली. मुलाला ओला चमचा घालायची सवय आहे, त्यावरून त्याला यथेच्छ बोलून झालं. पण टाकायचं कुठे? डब्यात टाकलं तर पहिली नजर काकूंचीच पडणार. म्हणून काळ्या पिशवीत बांधलं आणि स्कूटरच्या हुकाला लटकवलं. दोन गल्ल्या सोडून गाडी साडेसातच्या सुमारास असते, त्या दिवशी लवकर निघून तिथे द्यायचं असं ठरवलं होतं. त्याच हुकाला माझा जेवणाचा डबा. गाडी गाठली नाही. रस्त्यावर आता कुंडी म्हणून कुठे दिसत नाही. मशीनची वेळ झाली, डबा घेतला, पिशवी विसरले. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं पार्किंग. दुपारी गेटवरचे दादा स्टोअर्सच्या दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, तुमच्या गाडीतून ऑइल गळतंय.”

त्या दिवशी काकूंना सांगितलं, उद्यापासून मुलगा नेईल. मुलगा काही नेत नाही. शनिवारी सुट्टीला मी स्वतः देते, बाकी दिवस गॅलरीत साठतं आणि गॅलरीत आता आम्ही जात नाही.

तर चार बाय आठच्या गॅलरीत काय करता येईल? वास, किडे आणि सासूबाई, तिन्ही सांभाळून. आणि काकूंना न दुखावता. त्या अजून रोज विचारतात, लोणचं आवडलं का? मी सांगते, छान आहे.

फाटेकर | मंगळवार, रात्री 11:20

ऑइल गळतंय! चहा नाकात गेला.

आम्ही दोघंच असतो, दोघं नोकरीवाले. ओला कचरा पिशवीत बांधून थेट डीप फ्रीजरला. गोठतो, वास शून्य. रविवारी गाडीला दगडासारखा गोळा. एकच सूचना, पिशवीवर नाव लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी मटण समजून बाहेर काढून ठेवलं होतं.

सेकंडशिफ्ट | बुधवार, पहाटे 1:05

आत्ता कामावरून आलो. ताई, तुमच्या मशीनचा भाऊ आमच्या सातपूरच्या कंपनीत आहे. दाढी केली की आम्ही नवीन भरती. लेट मार्कबद्दल एचआरला बोलून बघा, पंधरा मिनिटांची सवलत पुष्कळ ठिकाणी असते, फक्त आपणहून कोणी सांगत नाही.

कचऱ्याबद्दल मला विचारू नका. मी सकाळी आठला बनियनवर डबा घेऊन उभा असतो, झोपेत. एकदा ओला सुक्यात टाकला तर गाडीवरच्या मावशींनी पूर्ण गल्लीसमोर शाळा घेतली.

गॅलरीतलीबाग | बुधवार, सकाळी 6:40

सहा वर्षं फ्लॅटच्या गॅलरीत खत करतोय, गंगापूर रोडला. पहिले दोन माठ साफ फसले, त्यामुळे अधिकाराने लिहितो.

मातीचा माठ घ्या, रंग दिलेला नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मातीचाच बरा, जास्तीचं पाणी भिंतीतून झिरपून उडून जातं. बुडाला आणि कडेला मिळून दहाबारा भोकं पाडून घ्या, खाली ताटली ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या चार बोटं, त्यावर वाळका पाचोळा, आणि मग रोजचा कचरा, बारीक करून. झाकण म्हणून जुनं सुती कापड, दोरीने बांधून. दुपारचं ऊन गॅलरीत थेट येत असेल तर माठ आतल्या कोपऱ्यात.

खरी गोम पुढे आहे. भाजीपाल्याचा कचरा म्हणजे बहुतेक पाणीच. कलिंगडाच्या साली, काकडीच्या साली, चहाचा चोथा. नुसतं तेच टाकत गेलात की आठ दिवसांत खाली चिखल होतो, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जंतू कामाला लागतात. घाण वास येतो तो त्यांच्यामुळे. खताला वास नसतो, पावसाच्या मातीचा असतो तेवढाच. म्हणून जेवढा ओला टाकाल तेवढाच सुका पाचोळा त्यावर, मापाने सारखा किंवा जरा जास्तच. हात आखडता घेऊ नका. पहिल्या माठाला मी पाचोळा मसाल्यासारखा भुरभुरवला होता. शेजाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतला.

वासावरून रोग ओळखता येतो. नाकात झोंबणारा, सार्वजनिक मुतारीसारखा आला तर नत्र जास्त झालं, पाचोळा वाढवा. नासक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडतेय, काठीने तळापासून वरखाली करा. मूठभर उचलून दाबून बघा, हात ओलसर व्हावा, थेंब गळू नयेत.

पाचोळा विकत घ्यायचा नाही. तुमच्या जॉगिंग ट्रॅकच्या कडेला सध्या पोत्याने पडलेला असतो, झाडणाऱ्या मावशींना विचारलं तर त्याच भरून देतील. लाकडाचा भुसाही चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. सुरुवातीला विरजण लागतं: वाटीभर आंबट ताक, मूठभर शेणखत किंवा कोणाचं तरी तयार खत.

रस्सा, तळणीचं तेल, मटण-मासळी नको. पोळ्या थोड्या आणि कोरड्या असतील तर चालतात. लोणचं अजिबात नाही. मीठ आणि तेल दोन्ही जंतूंचे वैरी, म्हणून तर लोणचं वर्षभर राहतं. जे टिकावं म्हणून घातलं ते कुजण्याची वाट कसली बघायची!

आणि अळ्या होतील. राखाडी, जाड, तांदळापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्या चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा खाऊन संपवतात. पाचोळा वाढवला की कमी होतात. पण सासूबाईंना आधी सांगून ठेवा. मी आईला सांगितलं नव्हतं.

चार माणसांना एक माठ पुरणार नाही, तीन धरा. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो, तिसऱ्यातून खत काढता येतं. भरल्यापासून अडीच-तीन महिने. थंडीत आणखी वेळ लागतो.

नियमाने | बुधवार, सकाळी 9:15

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणं नागरिकांवर बंधनकारक केलं. हिरवा डबा, निळा डबा. रश्श्याची प्लॅस्टिक पिशवी ओल्या कचऱ्यात काकूंना दिसली, याचा अर्थ आपण वर्गीकरण करत नाही. आपल्यासारख्यांमुळे पाथर्डीच्या खतप्रकल्पात प्लॅस्टिक जातं.

तिसरामजला | बुधवार, दुपारी 1:40

@नियमाने, पिशवी धुऊन निळ्या डब्यात होती. काकू दोन्ही डबे वाचतात.

@फाटेकर, आमच्या फ्रीजरमध्ये सासूबाईंचे सोललेले मटार आहेत, गेल्या डिसेंबरपासूनचे. तिथे कचऱ्याला काय, बर्फालाही जागा नाही.

@सेकंडशिफ्ट, एचआरला विचारलं. “मॅनेज करा ना मॅडम” असं उत्तर मिळालं. चहा मात्र पाजला.

@गॅलरीतलीबाग, शनिवारी माठ आणते. तुमचा प्रतिसाद लंच टाइममध्ये डब्याशेजारी फोन ठेवून वाचला, अळ्यांपर्यंत पोचेतो पोळी संपली होती, नशीब.

तांबटलेन | बुधवार, रात्री 8:30

तुम्ही भाग्यवान, गाडी दारात येते. आमच्याकडे जुन्या नाशकात बोळ असे की आत स्कूटर वळवायची तर आधी समोरच्याला मागे जा म्हणावं लागतं. गाडी लेनच्या तोंडाशी थांबते आणि सगळा बोळ डबे घेऊन तिकडे. पूर्वी हातात धरून वाजवायची खरी घंटा होती. घंटा गेली, नाव राहिलं.

पण मी रिटायर झाल्यापासून सांगतो, दिवसातला सगळ्यात करमणुकीचा वेळ तो. दहा मिनिटांत गावाची बातमी कळते. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा वाडा बिल्डरला गेला, रंगपंचमीला यंदा रहाड (रंगाचा जुना हौद) कधी उघडणार. पावसाळ्यात तर डबा रिकामा करून कोणी हलतच नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला की कमरेला, यावर तिथेच पैजा लागतात. आमच्या समोरचे एक गृहस्थ कचरा नसला तरी रिकामा डबा घेऊन येतात. विचारलं तर म्हणतात, सवय.

आता तुमच्या काकूंचं. त्यांना पाच पोळ्या दिसल्या, कारण त्या स्वतःसाठी दोनच लाटत असतील. तुमच्या डब्यात चार माणसांचं घर दिसतं. मुलगा नेईल म्हणून तुम्ही त्यांचं वाचन बंद केलंत. मला विचाराल तर डबा परत देऊन टाका आणि पोळ्यांवर कांद्याची सालं पसरायचं बंद करा.

तिसरामजला | बुधवार, रात्री 10:15

काका, रडवू नका, उद्या सकाळी मशीनला सुजलेला चेहराही ओळखू येत नाही. आणि पोळ्या तीन होत्या. काकूंना पाच दिसल्या.

फाटेकर | बुधवार, रात्री 10:30

तीन की पाच, यावर घंटागाडीपाशी सुनावणी व्हायला हवी.

तिसरामजला | सहा आठवड्यांनी, रविवार, दुपारी 4:20

धागा वर काढतेय. पुष्कळांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

दोन माठ आले, तिसऱ्याला सासूबाईंनी नकार दिला, कुंभारवाडा करायचा नाही म्हणून. सोसायटीतल्या कोणाच्याही आधी काकूंनाच कळलं, कारण माठ वर चढवताना जिन्यात दम खायला मी त्यांच्याच दारात थांबले. काय आहे, कशाला आहे, सगळं विचारून झालं. मला वाटलं होतं नाक मुरडतील. तर त्या आत गेल्या आणि आंबट ताकाचा तांब्या घेऊन आल्या. वाटीभर पुरे म्हटलं तर म्हणाल्या, विरजण कंजूषपणे लावू नये.

पाचोळ्याची दोन पोती मुलाने आणली, हे इथे नोंदवून ठेवते. ट्रॅकवर त्याच्या वर्गातली कोणी भेटली, तेव्हापासून पाचोळा रोज संपतो.

पहिल्या दहा दिवसांत वास आला, बागवाल्या दादांनी सांगितलेला पहिल्या प्रकारचा. पाचोळा वाढवला, गेला. अळ्या झाल्या. सासूबाईंना आधी सांगितलं होतं, तरी त्यांनी दोन दिवस गॅलरीचं दार लावून घेतलं. आता चष्मा लावून बघतात. भरलेला माठ दोन दिवसांत चार बोटं खाली जातो, याचं त्यांना फार कौतुक आहे. “एवढं सगळं खाल्लं की गं यांनी,” असं अळ्यांबद्दल म्हणाल्या परवा.

सुका कचरा मी शनिवारी देते. लेट मार्क एप्रिलमध्ये दोन, मेमध्ये अजून एक.

आता मुख्य गोष्ट. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) काकू विचारायला आल्या, माझ्या साली टाकू का तुझ्या माठात? एकटीचा कचरा असा किती, त्यासाठी मेलं रोज खाली जायचं! आता रोज संध्याकाळी वर्तमानपत्राची पुडी दाराबाहेर ठेवलेली असते आणि मी ती उघडून माठात टाकते. म्हणजे बघावंच लागतं. एका दुधी भोपळ्याची साल तीन दिवस पुरवून येते. चहाचा चोथा सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. एका रविवारी सहा कोयी होत्या. मुलगी आली होती की काय, मला तर दिसली नाही. विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

काल शनिवारी पुडी जरा जड लागली. उघडली तर मेथीची देठं, कोवळी. त्याखाली कागदात कागद गुंडाळून आणखी एक पुडी, घट्ट. त्यात लोणच्याच्या फोडी. त्याच लोणच्याच्या, वरून तीच पांढरी बुरशी. काकूंच्या स्वतःच्या बरणीतल्या, जिला आमच्या घरातला चमचा कधी लागलेला नाही.

म्हणजे सगळंच लोणचं मुळात बिघडलेलं होतं. त्यांना कधी कळलं कोण जाणे, आणि मी दोन महिने रोज सांगत होते, छान आहे.

मीठ चालत नाही म्हणून फोडी चिमट्याने उचलून वेगळ्या बांधल्या. शेजारी देठं पडली होती, त्यांच्याकडे बघून जरा हसू आलं. संध्याकाळी दार किलकिलं झालं. मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, यंदा कैरी महाग आहे बाई, लोणचं घालावं की नाही विचार करतेय. म्हटलं, घाला थोडं, मी मीठ मोजून देते.

प्रश्न सुटला, धागा बंद केला तरी चालेल. फक्त एक राहिलंय. ओल्या चमच्यावरून मुलाला एप्रिलभर जे बोलले, ते आता कसं परत घ्यायचं?